फाडलेल्या पट्टीची मागची बाजू

मी एक जुने माहितीपत्रक आहे. दवाखान्यातून घरी जाताना रुग्णाच्या पिशवीत कोंबतात ना, तसे. एक मोठा कागद मधोमध दुमडला की चार पाने होतात, तेवढाच माझा जीव. माझ्या मागच्या अर्ध्या भागाला, अगदी तळाशी, निळ्या दोऱ्याची एक शिवण आहे. हसू नका मित्रांनो, कागदाला शिवण नसते हे मलाही कळते. पण मला आहे, आणि ती कशी आली हे सांगायलाच मी आज तोंड उघडले आहे. गोड गोष्टीची अपेक्षा ठेवून बसला असाल तर आधीच सांगते, मी रागावलेले आहे. पुष्कळ वर्षे झाली तरी राग गेलेला नाही.

कागदोपत्री माझा जन्म छापखान्यात झाला. खरा जन्म झाला तो प्लास्टरच्या खोलीत. तिथे एक थोरल्या सिस्टर होत्या. मोडलेल्या हातापायांवर ओले प्लास्टर गुंडाळायचे आणि ते सुकेपर्यंत रुग्णाशी बोलत बसायचे, हे त्यांचे काम. घरी गेल्यावर काय जपायचे, कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे त्या प्रत्येकाला सांगत. सांगून सांगून घसा बसला, तेव्हा एके दुपारी त्यांनी एक्स-रेचे रिकामे पाकीट घेतले आणि जाड पेनाने त्यावर लिहिले:

"हात उशीवर उंच ठेवा. थोडं दुखेल. पण दुखणं वाढतच गेलं, बोटं सुजली, निळी किंवा पांढरी पडली, बधिर झाली, हलेनाशी झाली, तर वाट बघू नका. कुठलाही वार असो, कितीही वाजलेले असोत, लगेच या."

खाली फोन नंबर आणि शेजारी एका हाताचे चित्र. चित्र काही फार सुबक नव्हते, अंगठा जरा जास्तच लांब झाला होता. बस्स, एवढेच होते मी. मग सिस्टरांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, हे वाचा आणि मला सांगा, घरी जाऊन काय कराल?"

मावशींनी एकेक अक्षर लावत वाचले. "हात उशीवर ठेवीन. बोटं निळी दिसली की धावत इथे येईन. आणखी काय करणार?"

"झालं तर मग," सिस्टर म्हणाल्या.

मित्रांनो, तिथेच थांबायला हवे होते. पण त्या पाकिटावर दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांची नजर गेली. "कल्पना चांगली आहे," ते म्हणाले, "पण जरा व्यवस्थित व्हायला हवं." आणि व्यवस्थित करण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे नाव रुग्णशिक्षण समिती. तिच्यात मोठे डॉक्टर होते, कायद्याचे बघणारे साहेब होते, छपाईचे बघणारे बाबू होते, आणखी दोघेतिघे होते. फक्त थोरल्या सिस्टर नव्हत्या. आणि रुग्ण तर औषधालाही नव्हता.

सात बैठका झाल्या. दर बैठकीत कुणीतरी म्हणे, "यात एक मुद्दा राहिलाय." बारभाईंची खेती, आणि नांगर चालला होता माझ्या अंगावरून. पहिल्या पानावर मोठ्या डॉक्टरांचा फोटो आणि संदेश आला. दुसऱ्या पानावर प्लास्टरचा इतिहास आला, जुन्या काळी लोक हाडे कशी बांधत इथपासून. ज्या बाईचा हात आता ठणकतो आहे तिला हा इतिहास कशाला हवा, हे एकानेही विचारले नाही. "बोटं" हा शब्द हलका वाटला म्हणून त्या जागी "अवयवाचा दूरस्थ भाग" आला. "थोडं दुखेल" याचे झाले, "वेदना व सूज अपेक्षित असून त्याबाबत अनावश्यक चिंता करू नये." अक्षरे इतकी बारीक झाली की मुंगीने चष्मा लावावा. हाताचे चित्र काढून टाकले, कारण अंगठा चुकला होता. अंगठा दुरुस्त करता आला असता, पण ते कुणाला सुचले नाही.

मग कायद्याचे साहेब म्हणाले, "माहिती दिली याचा पुरावा हवा. तळाशी एक पट्टी ठेवा. 'सर्व माहिती मला समजली आहे' असं लिहा, त्यावर रुग्णाची सही घ्या, पट्टी फाडून फाईलला लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या पानाच्या तळाशी सहीची पट्टी आली.

आता राहिली ती धोक्याची लक्षणे आणि फोन नंबर. म्हणजे सिस्टरांनी जे सांगण्यासाठी पेन उचलले होते, तेच नेमके शिल्लक राहिले होते. त्याला जागा उरली नव्हती. छपाईचे बाबू काटकसरीचे होते. ते म्हणाले, "चौथ्या पानावर तळाशी एक चौकट मोकळी आहे की. अगदी मापात बसतंय." आणि बसवले. त्याच्या वर ओळ घातली: "खालील लक्षणे आढळल्यास तात्काळ संपर्क साधावा."

चौथ्या पानाचा तळ म्हणजे तिसऱ्या पानाच्या तळाची पाठ. म्हणजे त्या सहीच्या पट्टीचीच मागची बाजू. पट्टी फाटली की सगळी लक्षणे, फोन नंबर, सगळे तिच्यासोबत फाईलमध्ये जाणार. समितीने मला सात वेळा तपासले, पण तपासायला येत ती सुटी पाने, एका बाजूला छापलेली. दोन्ही बाजूंनी छापलेला कागद हातात धरून, पट्टी एकदा फाडून बघावी, असे त्या शहाण्यांपैकी एकालाही वाटले नाही. स्वल्पविरामावर मात्र दोन बैठका झाल्या.

मी छापून आले तेव्हा माझे कौतुक झाले. गुळगुळीत कागद, दोन रंग. फायलींत पट्ट्या साठू लागल्या आणि वर्षअखेरीस भिंतीवर एक मानपत्र लागले, "शंभर टक्के रुग्णशिक्षण". मोठे डॉक्टर थोरल्या सिस्टरांना म्हणाले, "आता माहितीपत्रक आहे. तोंडी सांगण्यात वेळ घालवायचं कारण नाही." सिस्टरांची बदली वरच्या मजल्यावर झाली. माझ्यामुळे एक बोलणारे माणूस गप्प झाले, याची लाज मला त्या मानपत्राखाली पहिल्यांदा वाटली.

असेच एका शनिवारी खिडकीवरच्या गठ्ठ्यातून मला उचलले गेले. समोर होत्या शिलाईताई. त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. पडदे, कोट, शाळेचे गणवेश, जे म्हणाल ते त्या शिवत. वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढताना स्टूल कलंडले आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर नुकतेच झाले होते. सोबत त्यांचे यजमान होते, टपालखात्यात पोस्टमन.

"इथे सही करा," खिडकीवरची बाई मान वर न करता म्हणाली.

"ताई, माझा उजवा हात..."

"मग डाव्या हाताने करा. चालतं."

शिलाईताईंनी जन्मात पहिल्यांदा डाव्या हाताने सही केली. मला सर्व माहिती समजली आहे, असे ती सही सांगत होती आणि मला अजून कुणी उघडलेही नव्हते. मग चर्र असा आवाज झाला. माझा तळ फाटला, त्याला भोक पाडले, दोरीत ओवले आणि फाईल मिटली. "मंगळवारी दाखवायला या. पुढे कोण आहे?" उरलेले मी पिशवीत गेले.

त्यांचे घर दोन खोल्यांचे. खिडकीपाशी शिलाई मशीन, बाजूला कातरलेल्या गणवेशांची चळत. शाळा सुरू व्हायला आठवडाच राहिला होता. पोस्टमननी बायकोचा हात उशीवर ठेवला, चष्मा पुसला आणि मला उघडले. त्यांना वाचायची आवड होती आणि छापील कागदाबद्दल मोठा आदर. मला तो आदर बोचत होता.

"ऐक हं. पूर्वीच्या काळी अस्थिभंगावर वनस्पतींचा लेप..."

"अहो, लेप राहू दे. मी काय करायचं ते बघा."

पोस्टमन पाने उलटत राहिले. पत्ता नसलेले पाकीट हातात आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "अवयवाच्या दूरस्थ भागाचं निरीक्षण करावं, म्हणे. दूरस्थ भाग म्हणजे कोपर असेल का गं?"

"तुम्हीच बघा. शिकलेले तुम्ही."

चौथ्या पानावर ते अडले. "खालील लक्षणे आढळल्यास तात्काळ संपर्क साधावा. अगं, पण खाली काहीच नाही. फाटलंय."

"ते सहीचं होतं ना, ते त्यांनी घेतलं. त्यात आणखी काय असणार?"

"तेही खरंच. महत्त्वाचं असतं तर दिलंच असतं की आपल्याला."

मी ओरडले असते मित्रांनो, पण कागदाला कंठ नसतो. माझ्या अंगात जे उरले होते ते निरुपयोगी होते आणि जे उपयोगी होते ते दवाखान्याच्या कपाटात कुलूपबंद होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा त्या बिचाऱ्यांच्या काखेतून काढून घेतला होता.

रविवारी सकाळपासून दुखणे वाढले. शिलाईताई सोसणाऱ्या होत्या. सुई बोटात घुसली तरी टाका पुरा करणाऱ्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या तेव्हा पोस्टमन म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

"रविवारी कोण बसलंय तिथे? आणि लिहिलंय ना त्यात, वेदना अपेक्षित आहे म्हणून. तुम्हीच वाचलंत. उगाच गेलो तर ओरडतील, कागद दिला होता ना, वाचला नाही का म्हणून."

पोस्टमननी मला पुन्हा वाचले. वेदना व सूज अपेक्षित असून अनावश्यक चिंता करू नये. त्यांनी चिंता करायची नाही असे ठरवले. त्यांचा विश्वास होता माझ्यावर. शिव्या दिल्या असत्या, चुरगाळून फेकले असते तर बरे वाटले असते.

संध्याकाळी दुखणे उतरले. बोटे झोपल्यासारखी झाली. "बघा, म्हटलं नव्हतं?" शिलाईताई म्हणाल्या, आणि त्या घरात दोन दिवसांनी कुणीतरी हसले. त्या हसण्याइतकी भयंकर गोष्ट मी माझ्या आयुष्यात ऐकलेली नाही.

सोमवारी सकाळी त्या मशीनपाशी बसल्या. उजव्या हाताने कापड नुसते दाबून धरता येते का बघू, म्हणाल्या. बोटे फुगून काळपट निळी झाली होती. त्यांनी डाव्या हाताने सुई घेतली आणि उजव्या तर्जनीला टोचली. काहीच नाही. मधल्या बोटाला टोचली. अनामिकेला टोचली, रक्ताचा ठिपका आला तरी त्यांना कळले नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "मला सुई लागत नाहीये."

पोस्टमन टपालाची पिशवी तिथेच टाकून त्यांना घेऊन निघाले. कुणीतरी विचारेल म्हणून मलाही खिशात घातले.

प्लास्टर कापले, लगोलग शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, बोटे वाचली नाहीत. म्हणजे ती आहेत जागेवर, पण तळहातात वळून बसली ती बसलीच. एक तरुण डॉक्टरीण बाई बाहेर येऊन खाली बघत म्हणाली, "आतून सूज आली आणि प्लास्टर आवळलं गेलं. रविवारी सकाळी आला असतात तर फक्त प्लास्टर कापून सैल करायचं होतं. दहा मिनिटांचं काम होतं हो."

दहा मिनिटे. मी हा आकडा विसरलेले नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असे असते. पोस्टमन त्याच दुपारी दवाखान्याच्या कार्यालयात जाब विचारायला गेले, तर छपाईच्या त्याच बाबूंनी फाईल काढली आणि पट्टी समोर धरली. "ही सही तुमच्या मिसेसचीच ना? माहिती समजली, असं लिहून दिलंय त्यांनी. आता आम्ही काय करणार?"

पोस्टमननी पट्टी हातात घेतली. पाकीट हातात आले की उलटून पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. त्यांनी पट्टी उलटली.

मागे छापले होते: वाढती वेदना. बधिरता. रंग बदलणे. हालचाल बंद होणे. तात्काळ यावे, चोवीस तास. आणि फोन नंबर.

त्यांनी नजर उघड्या कपाटाकडे वळवली. मग त्यांनी बाबूंना विचारले, "साहेब, या कपाटात अशा किती आहेत?"

"तीन वर्षांच्या आहेत. एकही गहाळ नाही," बाबू अभिमानाने म्हणाले. मग त्यांनीही पट्टीची मागची बाजू पाहिली.

"ही मी नेतो."

"अहो, ते रेकॉर्ड आहे!"

"जन्मभर दुसऱ्यांचे कागद ज्याच्या त्याच्या घरी पोचवले," पोस्टमन म्हणाले. "हा माझ्या घरचा आहे. दोन दिवस उशिरा पोचतोय."

तक्रार गेली. तीन महिन्यांनी समिती बसली आणि शिलाईताईंना बोलावणे आले. आदल्या दुपारी त्यांनी मशीनमध्ये निळा दोरा ओवला. ओवायलाच किती वेळ गेला. मग मला सुईखाली सरकवले, फाटलेली पट्टी माझ्या तळाशी जुळवली आणि डाव्या हाताने चाक फिरवले. पायाची लय तीच होती, पण हात तो नव्हता. कापड धरणारी बोटे आता कुठे होती! शिवण कडेला गेली, मध्ये आली, पुन्हा कडेला गेली. ज्या बाईची शिवण पट्टी लावून आखल्यासारखी यायची, तिने ती वाकडी ओळ पाहिली आणि पहिल्यांदा रडली. मी तिच्या मांडीवर होते.

समितीत खेद व्यक्त करण्यात आला. मग कायद्याचे साहेब म्हणाले, "उपाय सोपा आहे. 'पट्टी फाडण्यापूर्वी मागील बाजू वाचावी' अशी एक सूचना टाकू."

"पण जागा कुठे आहे?" एकाने विचारले.

"पट्टीवर बसेल," बाबू सवयीने बोलून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळ परत मिळून एकच दिवस झाला होता.

शिलाईताईंनी मला मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवले. "डॉक्टर, मला भरपाईचं नंतर सांगा. आधी हे वाचा. समजा तुम्ही माझ्या घरी आहात, माझी बोटं बधिर झाली आहेत. काय करायचं ते मला यातून वाचून सांगा."

मोठे डॉक्टर स्वतःच्या फोटोपासून सुरू झाले. इतिहास ओलांडला. दूरस्थ भागापाशी थबकले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सगळ्यांना ऐकू येत होता. माझ्या शिवणीपर्यंत पोचायला त्यांना चार मिनिटे लागली. लिहिणारे ते स्वतः होते, बोटे धड होती, चष्मा चांगला होता. आणि शिवण होती म्हणून पोचले तरी.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "थोरल्या सिस्टरांना खाली बोलवा," ते म्हणाले. "आणि ते मानपत्र भिंतीवरून काढा."

सिस्टर आल्या त्या एक्स-रेचे जुने पाकीट घेऊनच आल्या. त्यांनी ते जपून ठेवले होते. आता तेच छापतात. एकच पान, एकच बाजू, मोठी अक्षरे, अंगठा दुरुस्त. सहीची पट्टी नाही. छापण्याआधी मावशींनी वाचले, बाकावर रांगेत बसलेल्या चौघांनी वाचले, आणि प्रत्येकाला विचारले, घरी जाऊन काय कराल? बाबूंनी तरी शेवटी विचारलेच, "शिल्लक प्रती संपेपर्यंत जुनीच वाटली तर?" सिस्टरांनी सगळे गठ्ठे उचलून प्लास्टरच्या बादलीत बुडवले. माझे सगळे भाऊबंद त्यात गेले. मला वाईट वाटले नाही.

मला मात्र प्लास्टरच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला टांगून ठेवले आहे, नव्या लोकांना दाखवायला. तुम्हाला वाटेल, शेवट गोड झाला. कुणाचा झाला? वरातीमागून आलेले घोडे आहे हे, आणि वरात शिलाईताईंची होती.

म्हणून सांगते मित्रांनो. तुमच्या आजीला, बाबांना दवाखान्यात कुणी कागद दिला तर तो लगेच पिशवीत टाकू देऊ नका. तिथेच उघडा. मोठ्याने वाचा. कळले नाही तर विचारा, पुन्हा विचारा, समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी विचारा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झाले, कुणी असले कागद लिहू लागले, तर सही मागण्याआधी मावशींना विचारलेला तो एकच प्रश्न विचारा. शब्द भारी दिसावेत म्हणून कुणाची बोटे घालवू नका.

आणि कधी या खोलीत आलात तर दारामागे बघा, माझ्या शिवणीवरून बोट फिरवा. किती वाकडी आहे ते कळेल. शिलाईताईंच्या उजव्या हाताची असती, तर सरळ आली असती.